होम इकॉनॉमिक्समधलं ‘इकॉनॉमिक्स’
एकांनी लिहिलंय की शाळेतलं होम इकॉनॉमिक्स म्हणजे शिवणकाम आणि पाककृती, ‘इकॉनॉमिक्स’ नुसतं भारदस्त वाटावं म्हणून जोडलंय. मला हे अजिबात पटत नाही. ग्रीकमध्ये ‘ओइकोस’ म्हणजे घरदार आणि त्याचा कारभार म्हणजे ‘ओइकोनोमिया’. देशाच्या अर्थकारणाला हा शब्द फार नंतर लागला. विषयाचं नाव १८९९ मध्ये अमेरिकेतल्या लेक प्लॅसिड परिषदेत ठरलं. तिथं पुढाकार घेणाऱ्या एलेन रिचर्ड्स रसायनशास्त्रज्ञ होत्या. पिण्याचं पाणी आणि किराणा मालातली भेसळ तपासणं हे त्यांचं काम.

आमच्या सांगलीकडं शाळू निघाला की आई वर्षाची बेगमी करायची. ज्वारी उन्हात खडखडीत वाळवायची, दाण्याचा दाताखाली कट्ट आवाज आला की मगच कडुलिंबाचा पाला घालून कणगीत भरायची. जरा ओल राहिली की कीड लागलीच. किती ठेवायची, किती विकायची, भाव चढेपर्यंत थांबायचं का, हा सगळा हिशेब तोंडी! हे अर्थशास्त्र नाही तर काय?

शाळेत मात्र हा विषय बहुतेक मुलींच्याच वाट्याला आला, याचा मला खरंच राग येतो. मुलांनाही तो तितकाच लागतो.