मॅकिन्टॉशचा अ‍ॅम्प सगळ्यांना हवा, मग त्याच घरचे स्पीकर कुणालाच का नकोत?

अंबाजोगाईकर

निळ्या मीटरचे अ‍ॅम्प (आवाज वाढवून स्पीकरला ताकद देणारं यंत्र) बनवणाऱ्या मॅकिन्टॉश या अमेरिकन कंपनीचा विषय निघाला की आपल्यातला प्रत्येक जण भरभरून बोलतो. १९६१ चा एमसी २७५, दर चॅनेलला ७५ वॉट, केटी ८८ व्हॉल्व (काचेच्या नळ्या), तो खास गुंडाळीचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, सगळं तोंडपाठ. हीच कंपनी १९७० च्या दशकापासून स्पीकरही बनवते. त्यातल्या एकाचं तरी नाव किती जणांना सांगता येईल?

माझं मत असं की हे दुर्लक्ष आवाजामुळं झालेलं नाही. हे स्पीकर लोकांच्या कानावर आलेलेच नाहीत, आणि त्याचं मूळ कंपनीच्या इतिहासात आहे. १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाला अ‍ॅम्प मॅकिन्टॉशचे होते, पेट्यांमधली युनिटं (प्रत्यक्ष आवाज काढणारे भाग) जेबीएल आणि आल्टेक या दुसऱ्या कंपन्यांची. १९७४ मध्ये ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडनं मंचामागं स्पीकरची प्रचंड भिंत उभी केली. तिला ताकद मॅकिन्टॉशच्या एमसी २३०० अ‍ॅम्पची, पण भिंतीत पुन्हा मुख्यतः जेबीएल. या नावाचे सगळ्यात गाजलेले प्रसंग दुसऱ्याच्या स्पीकरवर वाजले. आजही तेच. सोनस फाबेर ही इटलीची स्पीकर कंपनी कित्येक वर्षं मॅकिन्टॉशच्याच समूहात आहे (नोव्हेंबर २०२४ मध्ये बोसनं तो अख्खा समूह घेतला). मग दुकानदार मॅकिन्टॉशच्या अ‍ॅम्पला काय जोडून दाखवणार? लाकडी, देखणे इटालियन स्पीकर. गिऱ्हाईक तेच ऐकून घरी येतं.

आणि स्पीकरमध्ये विचार नव्हता असंही नाही. १९८० चा एक्सआरटी २० बघा. दर स्पीकरला २४ ट्वीटर (बारीक, उंच आवाजाची छोटी युनिटं) उभ्या रांगेत. घरगुती स्पीकरमध्ये अशी हिंमत त्या काळी फार कुणी केली नव्हती. तेव्हा "चांगले नाहीत" म्हणणाऱ्यानं आधी ते कुठं ऐकले हे सांगावं.

सोल्डरवाला, परभणी

सर, ऐकायचा प्रश्न नंतरचा. मी दुरुस्तीच्या बाजूनं सांगायलो.

पन्नास वर्षं जुना अ‍ॅम्प माझ्या टेबलावर आला तर तो उभा करता येतो. कपॅसिटर बदलायचे, रेझिस्टर तपासायचे, व्हॉल्व नवे घालायचे, बायस (व्हॉल्वचा ठरलेला करंट) लावायचा. ट्रान्सफॉर्मर शाबूत असला की निम्मी लढाई जिंकलीच. स्पीकरचं तसं नाही. जुन्या वूफरच्या (जाड आवाजाच्या मोठ्या युनिटच्या) कडेचा फोम पंधरा-वीस वर्षांत भुगा होऊन पडतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर बंद खोलीतसुद्धा त्याचे हाल होतात. फोम नवा चिकटवता येतो, कॉइल गुंडाळून मिळते, मंडपवाल्यांची तसली कामं मी रोजच करतो. पण एखाद्या कंपनीनं स्वतःपुरता बनवून घेतलेला ट्वीटर जळाला तर तो आणायचा कुठून? चोवीस ट्वीटर म्हणजे दुखण्याच्या चोवीस जागा. जुना माल घेणारा माणूस हे ओळखून असतो, म्हणून अ‍ॅम्पला पैसा मोजतो आणि पेटीला हात लावत नाही. यात अन्याय कुठं आला?

गोदाकाठ, नांदेड

अंबाजोगाईकर, तुमचा मूळ मुद्दाच मला पटत नाही. अ‍ॅम्पवाल्याचे स्पीकर लोक ऐकत नाहीत असा काही नियम नाही. क्वाड घ्या. पीटर वॉकर यांची ही ब्रिटिश कंपनी अ‍ॅम्पसाठीच नावाजलेली; १९५३ चा क्वाड टू, १५ वॉटचा. त्याच माणसानं १९५७ मध्ये इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बाजारात आणला. ना कागदी कोन, ना कॉइल, ना लाकडी खोकं. दोन जाळ्यांमध्ये ताणलेला पातळ पडदा, त्यावर काही हजार व्होल्टचा भार, आणि सगळा पडदा एकदम हलणार. त्याचा बास कमी, फार मोठ्यानं वाजवला तर जिवावर बेतणार, समोर बसायची जागा ठरलेली. एवढे दोष असून आज सत्तरीच्या उंबरठ्यावर तो स्पीकर लोक दुरुस्त करून करून वापरतात. दुरुस्ती अवघड म्हणून कुणी त्याचा नाद सोडला नाही, हे सोल्डरवाल्यांनीही लक्षात घ्यावं.

लोकांनी त्याच्याकडं बघितलं, कारण माणसाचा आवाज, तानपुरा, सारंगी त्यावर जशी येते तशी तेव्हा दुसऱ्या कशावरच येत नव्हती. स्पीकरच्या जगात एकच गोष्ट चालते: दुसऱ्याकडं नाही असं काही तुमच्याकडं आहे का? यामाहाचा एनएस १००० एम १९७४ चा. त्याच्या मिडरेंज (मधल्या आवाजाचं युनिट) आणि ट्वीटरचे घुमट बेरिलियम या हलक्या, कडक धातूचे, ते बनवायचं तंत्र यामाहानं स्वतः उभं केलं. त्यालाही मान मिळाला. मॅकिन्टॉशच्या स्पीकरला नाव आहे, पण "हे ऐकायचं तर इथंच" असं काय आहे?

अंबाजोगाईकर

गोदाकाठ, यामाहा मुळात वाद्यं बनवणारी कंपनी, १८८७ पासूनची. तिला अ‍ॅम्पवाला म्हणून इथं आणू नका. क्वाडचं उदाहरण मात्र खरं आहे आणि ते माझ्या बाजूचं आहे. क्वाडचा स्पीकर दुकानात क्वाडच्याच अ‍ॅम्पवर वाजत होता. एका घरच्या दोन वस्तू एकत्र ऐकवल्या गेल्या, म्हणून लोकांना कळलं. मॅकिन्टॉशच्या बाबतीत ही संधीच आली नाही.

आणि वेगळं काय विचारता, तर ती ट्वीटरची रांग हेच वेगळं आहे. साध्या स्पीकरचा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलनं उतरतो. लांब उभ्या रांगेजवळ तो ३ डेसिबलनंच उतरतो. खोलीत पुढं बसा, मागं बसा, फरक कमी पडतो. शिवाय वर-खाली आवाज कमी पसरतो, त्यामुळं जमिनीवरून आणि छतावरून उलटणारा आवाज आटोक्यात राहतो. आपल्या शहाबादी फरशीच्या आणि स्लॅबच्या घरांना यापेक्षा सोयीचं काय असणार?

बीडचा मंडपवाला

आमच्या धंद्यात हा प्रश्न कुणी विचारतच नाही. सप्ताह असो नाहीतर लग्न, अ‍ॅम्प एकाचा, पेटी गावच्या सुताराची, आत युनिट तिसऱ्याचं. कर्णा तर आणखी वेगळ्याचा. "अ‍ॅम्प चांगला तर त्याचीच पेटी घ्या" असं कुणी बोललं तर लोक त्याला नवखा समजतील.

मांजराकाठ, लातूर

मंडपवाले दादा, तुम्ही दोन ओळींत जे सांगितलं तेच घरातल्या शौकिनांच्या डोक्यातही पक्कं बसलंय. हे कारण मला दुकानदाराच्या कारणापेक्षा मोठं वाटतं.

पण रांगेच्या मुद्द्यावर मला अंबाजोगाईकरांना अडवायचंय. ६ फूट उंचीची रांग धरा आणि ऐकणारा ८ फुटांवर बसलाय. रांगेच्या मधला ट्वीटर कानापासून जितका लांब, त्यापेक्षा टोकाचा जवळजवळ साडेसोळा सेंटिमीटर जास्त लांब. दहा हजार हर्ट्झच्या आवाजाची लहरच साडेतीन सेंटिमीटरची. म्हणजे एकच झांज वेगवेगळ्या ट्वीटरमधून थोडी थोडी पुढं-मागं कानावर येणार, काही लहरी एकमेकींना खाणार. मागं सरकलात की हा फरक कमी होतो. मोठ्या दिवाणखान्यात हे स्पीकर शोभतील, नाही कोण म्हणतंय? पण लातूरला माझी खोली १० बाय १२ ची आहे.

घरांचंही बोलू. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्याकडं लोकांनी दगड-मातीची माळवदं सोडली. ते योग्यच झालं, त्या जाड भिंतींनीच माणसं गाडली. आवाजापुरतं सांगायचं तर मातीचा गिलावा आणि वर लाकडी पटई असलेल्या खोलीत गाणं अंगावर येत नसे. आताच्या सिमेंटच्या खोल्या घुमतात, आणि त्या घुमण्यात जमीन आणि छत यांच्याइतकाच वाटा चार उघड्या भिंतींचा आहे. उभी रांग आडवा आवाज थोपवत नाही. भिंतीला गोधडी, सतरंजी, पुस्तकांचं कपाट लावल्यावर जो फरक पडतो तो ऐकून बघा.

अंबाजोगाईकर

तुमचं गणित बरोबर आहे, पण ते एका सुरापुरतं. चोवीस ट्वीटरची बेरीज कानाला सलग लागते, वरच्या पट्टीत जो उतार येतो तो इक्वलायझरनं (वेगवेगळ्या पट्टीचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या यंत्रानं) सावरतात. मॅकिन्टॉश त्या काळी स्पीकरबरोबर वेगळा इक्वलायझर देत असे. आणि भिंतींचं म्हणाल तर त्या प्रत्येक स्पीकरला छळतात. त्याचा दोष याच एका स्पीकरच्या माथी का मारायचा?

गोदाकाठ, नांदेड

इक्वलायझरनं उतार सावरेल, खड्डे नाही. एका जागी खड्डा भरला की शेजारच्या खुर्चीत उंचवटा येतो.

आणि एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. अ‍ॅम्प चांगला की वाईट हे ठरवताना आपण त्यानं आवाजात काय मिसळलं नाही ते बघतो. विकृती कमी, खरखर कमी, ताकद भरपूर. घरात ८७ डेसिबलच्या स्पीकरला बहुतेक वेळ एक-दोन वॉटच लागतात, उरलेली ताकद तबल्याच्या थापेपुरती. असा अ‍ॅम्प एकदा नीट बनला की तो कुणाच्याही घरात नीटच. स्पीकरला मात्र खोली, बसायची जागा आणि ऐकणाऱ्याची आवड या तिघांशी जमवून घ्यावं लागतं. त्यामुळं अ‍ॅम्पवर कमावलेला विश्वास पेटीवर चालत नाही. तो पहिल्यापासून कमवावा लागतो, वॉकरांनी कमावला तसा.

सोल्डरवाला, परभणी

हे मात्र लाख बोललात.

अंबाजोगाईकर

विश्वास नव्यानं कमवावा लागतो, मान्य. पण ऐकवलंच नाही तर कमवणार कसा? संभाजीनगरात हे स्पीकर समोर बसून ऐकायची सोय नाही, पुणे-मुंबई गाठली तरी दुकानात दुसरीच जोडी मांडलेली असते. मला एवढंच हवंय: तोच अ‍ॅम्प, तेच गाणं, आवाजाची पातळी मीटरनं जुळवलेली, समोर पडदा आणि पडद्यामागं तीन जोड्या. किशोरी आमोणकरांचा भूप लावा. मग बोलू.

मांजराकाठ, लातूर

पडदा ठेवा, पण खोली माझी १० बाय १२ ची. दुकानाची नको.