मदत हवी आहे: ‘आमची आवड’चा रॅक लावला, पण पुस्तकं हलत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते. दोन महिन्यांपूर्वी आम्ही चौघांनी मिळून दारासमोरच एक रॅक लावला. वर पाटी, ‘आमची आवड’. प्रत्येकाने दहा पुस्तकं काढली, प्रत्येक पुस्तकाला पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर दोन ओळी. चिमुरड्यांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांना काहीतरी मिळावं, असा बेत होता.

चाळिसांतली नऊ गेली. त्यातली चार आमच्याच घरी.

परवा रॅक पुसताना सगळी कार्डं सलग वाचली आणि लाजच वाटली. ‘अप्रतिम!’, ‘प्रत्येकाने वाचायलाच हवं’, ‘मनाचा ठाव घेणारं’. कार्डांची अदलाबदल केली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता. शिवाय चाळिसांत सत्तावीस कादंबऱ्या, विनोदी एकही नाही. चौघांची आवड सारखीच निघाली, हे आधी लक्षातच आलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त लागली. मुलांच्या पुस्तकांवर मी वयाप्रमाणे रंगीत गोल चिकटवले होते. ६ ते ८ पिवळा, ९ ते ११ हिरवा. एक मुलगा, असेल बारा वर्षांचा, पिवळ्या गोलाचं डायनोसॉरचं पुस्तक घेऊन आला. गोलावर त्याने अंगठा दाबून धरला होता. मी शिक्का मारायला पुस्तक ओढलं, गोल उघडा पडला आणि मागच्या मुली फिस्सकन हसल्या. “चुकून घेतलं,” म्हणाला आणि गेला. त्यानंतर फिरकलेला नाही.

‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन १९३१ सालीच सांगून गेलेत. परीक्षेसाठी घोकलंही होतं. असो.

तर कार्डावर नेमकं लिहावं काय? वय न छापता पालकांना अंदाज कसा द्यावा? आणि “काहीतरी चांगलं द्या हो” म्हणणाऱ्याला काय विचारावं? (पुस्तकांच्या याद्या कृपया नकोत, त्यांचे धागे इथे ढिगाने आहेत.)

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १
ताई, तीस वर्षं हेच काम केलं. “काहीतरी चांगलं” म्हणणाऱ्याला विषय विचारू नका, तो गोंधळतो. “मागे कुठलं आवडलं होतं, आणि त्यातलं काय लक्षात राहिलं?” असं विचारा, माणूस बोलायला लागतो. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल म्हणतात की पुस्तकात शिरायला चार दारं असतात: गोष्ट, पात्रं, स्थळकाळ आणि भाषा. कुणी घडामोडींसाठी वाचतो, कुणाला एखादं वाक्य दोनदा वाचायचं असतं. कार्डावर दार कुठलं ते सांगा. ‘अप्रतिम’पेक्षा ‘पहिली चाळीस पानं संथ, मग रात्र जाते’ हे उपयोगी. कुणाला आवडणार नाही, तेही बेधडक लिहा.

त्यांचाच एक नियम वाचकांना सांगत जा. पन्नास पानांत नाही जमलं तर सोडा. वय पन्नाशीपुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं. आमच्या एक सत्तरीच्या सभासद तीस पानं झाली की निर्धास्त परत करायच्या. त्याआधी त्या नावडतं पुस्तकही शेवटपर्यंत ओढायच्या, म्हणून महिन्याला एकच व्हायचं.

प्रतिसाद २
गोल आजच काढा. मी मुलांच्या विभागात आहे. वयाऐवजी आत काय आहे ते लिहिते: ‘पानोपानी चित्रं’, ‘प्रकरणं छोटी, झोपताना एक होतं’, ‘शेवटी कुत्रा मरतो’. हे शेवटचं पालकांना वयापेक्षा जास्त कामाचं. चित्रं बघायला बारावं वर्ष काही उशिराचं नाही, मी अजून बघते. आणि रॅकवर एक फळी मोठ्या टाइपाची ठेवा, १६ पॉइंट किंवा त्याहून मोठा. आजोबांची अडचण पुष्कळदा आवडीची नसते, अक्षरांची असते.

प्रतिसाद ३
+१. कार्डं वाचकांनाही लिहू द्या. आमच्याकडे नऊ वर्षांच्या एका मुलीने लिहिलंय, ‘शेवटचं पान आधी बघू नका. मी बघितलं.’ ते पुस्तक रॅकवर टिकतच नाही.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. तेवीस कादंबऱ्या परत कपाटात गेल्या, नवी कार्डं लिहितेय. ‘कुणाला आवडणार नाही’ लिहायला घेतल्यावर कळलं की माझ्या दहांतली तीन मलाच नीटशी आठवत नाहीत. तीही काढली.

आता नवी पंचाईत. प्लास्टिकच्या वेष्टनावरचे गोल निघाले, पण कागदी मुखपृष्ठांवरचे ओढले की रंगही सोबत येतोय. काही उपाय?

प्रतिसाद २
हेअर ड्रायरची गरम हवा द्या, गोंद सैल पडतो. मग एका कडेने अगदी हळू सोलायचं. आधी एखाद्या रद्दीतल्या पुस्तकावर करून बघा.