अनुभव धागा: कॅम्पर ट्रेलर ओढायला डिझेल की पेट्रोल? घाटात खरंच काय होतं ते सांगा

दापोली, धागा मीच काढलाय

मंडळी, गाडी घ्यायची वेळ आलीय आणि घरात सरळ दोन पक्ष पडलेत. बाबा म्हणतात डिझेलशिवाय दुसरं नाव काढू नकोस, बायको म्हणते पेट्रोल घे, निदान पहाटे निघताना अख्खी वाडी उठणार नाही. मी मधे. दोन चाकांचा छोटा कॅम्पर ट्रेलर बनवून घेतोय, वर तंबू, मागे किचन, पाण्याची टाकी. फॅब्रिकेटर म्हणतो रिकामा सहाशे किलो, म्हणजे भरला की नऊशे-हजार धरा. जायचं कुठे तर हरिहरेश्वरपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने, आणि अधूनमधून कुंभार्ली नाहीतर आंबा घाटाने वर कोल्हापूर-कराडकडे.

शोरूमचे आकडे मला तोंडपाठ झालेत, ते नकोत. तुम्ही स्वतः काय ओढलंय, बोट असो, जनरेटर असो, कॅम्पर असो, कुठल्या घाटात ओढलंय आणि गाडी काय म्हणाली ते लिहा. भांडण नको, पण मत ठोकून द्या.

मालवण, वॉटर स्पोर्ट्सवाला

आमची फायबरची बोट, आउटबोर्ड (बोटीच्या मागे लावायचं इंजिन) आणि ट्रेलर धरून हजार-अकराशे किलो. डिझेल पिकअप, फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद), मॅन्युअल. ओढायला डिझेलच, यात मला काही शंका नाही, कारण रॅम्पवरून ओली बोट वर काढताना ताकद पंधराशे-अठराशे आरपीएमलाच (इंजिनचे मिनिटाला फेरे) लागते, तिथे गाडी रेस करून चालत नाही, चाक फिरलं की वाळूत पोट टेकलंच म्हणून समजा. डिझेल लो रेंजमध्ये, म्हणजे फोर बाय फोरच्या सगळ्यात हळू पण ताकदीच्या गिअरात टाकायचं, क्लच सोडायचा आणि नुसतं स्टिअरिंग धरून बसायचं.

पण आता दुसरी बाजू ऐका. सीझनमध्ये आमची गाडी दिवसभर घर ते जेट्टी, जेट्टी ते तारकर्ली एवढीच फिरते. २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले, डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा डीपीएफ आला, आणि ही काजळी जळायला इंजिन नीट गरम होऊन वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत पळायला लागतं. सात-आठ किलोमीटरच्या फेऱ्यांत ते कुठून होणार? दिवा लागतो. मग मी संध्याकाळी कसालला हायवेला चढतो, कुडाळच्या पुढे जाऊन परत येतो, काम काही नाही, फक्त काजळी जाळायला डिझेल जाळायचं. घरचे म्हणतात हवा खायला गेला. दिवा लागूनही तसंच रेटत राहिलात तर गाडी पॉवर कापते आणि मग वर्कशॉपशिवाय गत्यंतर नाही, तिथलं बिल मी इथे लिहीत नाही, बीपी वाढतं.

तर दापोलीकर, तुम्ही गाडी रोज बाजारात न्यायला वापरणार असाल आणि ट्रेलर महिन्यातून एकदा, तर डिझेल घेण्याआधी हा विचार कराच.

चिपळूण

माझ्याकडे दोन लिटर टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. ट्रेलर तुमच्यासारखाच, थोडा हलका. कुंभार्ली मी या गाडीने कायम चढतो आणि वरच्या मंडळींना वाटतं तसं पेट्रोल तिथे जीभ बाहेर काढत नाही. जुनी बिनटर्बोची पेट्रोल इंजिनं वेगळी होती, त्यांना ताकद चार हजाराच्या वर जाऊन मिळायची. आताची टर्बो पेट्रोल कमी आरपीएमलाच टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, देतात. महिंद्रा थारचंच बघा, पेट्रोल आणि डिझेल दोन्हीला ३०० न्यूटनमीटर लिहिलंय, पेट्रोल ऑटोमॅटिकला उलट ३२०. याउलट फॉर्च्युनरला बिनटर्बो पेट्रोलचे २४५ आणि डिझेल ऑटोमॅटिकचे ५००, तिथे तुलनाच नाही. म्हणजे कुठलं पेट्रोल आणि कुठलं डिझेल हे आधी विचारा.

खरा मार बसतो तो पंपावर. रिकामी गाडी मला दहा देते, ट्रेलर लावला आणि घाट लागला की सहा-साडेसहा. टाकी ५७ लिटरची, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरला पंप शोधायचा, आणि गुहागर-वेळणेश्वर-हेदवी करत आतल्या रस्त्याने गेलात तर पंप शोधावाच लागतो. डिझेलवाले मित्र त्याच ट्रेलरला साडेआठ-नऊ सांगतात, त्यात लिटरमागे दहा-पंधरा रुपये कमी. पण डिझेल गाडी घेतानाच दीड-दोन लाख जास्त मोजलेले असतात हे ते सांगत नाहीत. मी ट्रेलर पावसाळा सोडून महिन्याला एकदा काढतो, माझा हिशोब पेट्रोलच्या बाजूने बसतो.

देवगड, आंबा बागायतदार

माझो अनुभव सांगतंय, कॅम्पर-बिम्पर नाय, आंब्याचे पेटये. डिझेल पिकअप असा, एप्रिल-मे दोन म्हयने गगनबावड्यान कोल्हापूर नायतर हायवेन वाशी. भरलेली गाडी घाटात तिसऱ्या गिअरात निवांत चडता, इंजिन ओरडना नाय. पेट्रोलात ह्या परवडाचा नाय, सीझनभर रोज रात्री गाडी पळता. पण एक सांगतंय, सगळे चडाचाच बोलतत, उतराचा कोण बोलना नाय. उतरताना खयचा इंजिन असा ह्या इचारा आदी.

रत्नागिरी, गॅरेजवाला

देवगडच्या भावाने बरोबर जागी बोट ठेवलंय. माझ्या गॅरेजला ओढण्याच्या ताकदीची तक्रार घेऊन कोणी येत नाही, येतात ते ब्रेकचे जळालेले लायनर आणि निळी पडलेली डिस्क घेऊन. आंबा घाट उतरून साखरप्याला थांबलेल्या गाड्यांचा वास घेऊन बघा कधी.

आता यात पेट्रोल-डिझेलचा संबंध असा की पेट्रोल इंजिनात हवा आत घेणारा दरवाजा, थ्रॉटल, पाय काढला की बंद होतो, इंजिन आतल्या आत खेचत बसतं, गाडी धरली जाते. डिझेलमध्ये वेग कमी-जास्त होतो तो इंधनाच्या फवाऱ्यावर, हवा मोकळीच आत जाते, त्यामुळे नुसता पाय काढून तेवढा रोध मिळत नाही. म्हणून तर मोठ्या ट्रकांना एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे बाहेर पडणारा धूर अडवून इंजिनाकडूनच गाडी धरणारा ब्रेक, वेगळा द्यावा लागतो. एसयूव्हीत आणि छोट्या पिकअपात आपल्याकडे तो नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात ठेवलंत तर डिझेल गाडीही धरते, पण गिअर घाटाच्या डोक्यावर असतानाच टाकायचा, निम्म्यात आल्यावर नाही. आणि ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडला घ्या, डी मध्ये उतरू नका.

हजार किलोच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. हिच (गाडी आणि ट्रेलरचा जोड) दाबला गेला की आपोआप लागतात ते ओव्हरराइड ब्रेक बसवून घ्या, फॅब्रिकेटर म्हणेल गरज नाही, त्याचं ऐकू नका. परदेशात टोयोटा हायलक्स पिकअपला ब्रेक असलेला ट्रेलर साडेतीन हजार किलोपर्यंत ओढायला परवानगी आणि बिनब्रेकचा फक्त साडेसातशे, गाडी तीच. यावरून काय ते समजा.

इंधनाचं म्हणाल तर आपल्याकडे दोघांचाही शत्रू एकच, दमट हवा. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल, ते पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात चार महिने अर्धी टाकी ठेवून गाडी उभी केलीत तर सप्टेंबरात कटकट. बोटीच्या आउटबोर्डला तर जास्तच. डिझेलच्या टाकीत पाणी खाली बसतं, फिल्टरखालचा ड्रेन सैल करून वाटीत घ्या, आधी पाणी येतं, मग डिझेल. उभी करताना टाकी फुल करा, दोन्हीला लागू.

डेन्व्हर, मूळ गुहागर

इकडची बाजू टाकतो. माझा कॅम्पर साडेतीन टनांच्या घरात, आधी पेट्रोल ट्रक होता, आता डिझेल. इथे वाद तुमच्यासारखाच पण गणित उलटं: डिझेल बहुतेक वेळा पेट्रोलपेक्षा महाग असतं, आणि ट्रक घेताना डिझेल इंजिनाचे दहा हजार डॉलरच्या आसपास जास्त जातात. २०२० च्या फोर्ड सुपर ड्यूटीत ७.३ लिटर पेट्रोलला ४७५ पाउंड-फूट टॉर्क होता आणि ६.७ डिझेलला १,०५०, दुपटीहून जास्त. पण तेल बदलायला पेट्रोलला साडेसात लिटर, डिझेलला बारा, शिवाय दोन फिल्टर, शिवाय धूर साफ करायला लागणारं युरियाचं पाणी, आणि थंडीत डिझेल इंजिन लवकर सुरू होत नाही म्हणून त्याला रात्री हीटरची पिन लावून झोपायचं.

मग घेतलं का? आमच्या पश्चिमेला रस्ता आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढतो, ३,४०० मीटर. दर हजार फुटाला बिनटर्बो इंजिन साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे वर पोचेस्तोवर तिसरा हिस्सा गायब. टर्बो डिझेलला हे फार जाणवत नाही, आणि उतरताना टर्बोच्याच मदतीने चालणारा एक्झॉस्ट ब्रेक आहे, बटण दाबून सात टक्के उतार पायाने ब्रेक न लावता उतरतो. माझे पैसे त्या बटणाचे.

तुमचे घाट सहा-सातशे मीटरला संपतात, आंबोली ६९०. तिथे हवा विरळ होण्याचा प्रश्नच नाही, म्हणून आमचं उत्तर तुम्हाला जसंच्या तसं लागू पडत नाही.

अजून एक, इकडे नवखे हमखास यात फसतात. डिझेल इंजिन जड असतं, त्यामुळे त्याच ट्रकची ओढायची क्षमता वाढते पण पाठीवर घ्यायची कमी होते. ट्रेलरच्या वजनातलं १० ते १५ टक्के हिचवर उभं राहतं, ते पाठीवरच मोजायचं. वर चार माणसं, लाकडं, सायकली, कुत्रा. डिझेलवाल्याचा कोटा आधी संपतो. आणि हिचवर दहा टक्क्यांपेक्षा कमी ठेवलंत तर ट्रेलर मागे डुलायला लागतो, ते एकदा बघितलं की माणूस पाण्याची टाकी एक्सलच्या पुढे घेतो.

सावंतवाडी

कागदपत्रांचं कोणी लिहीत नाही म्हणून. ट्रेलरला आरटीओचं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं, मागे नंबर, दिवे, रिफ्लेक्टर. गॅरेजमध्ये वेल्डिंग करून तसाच रस्त्यावर आणला तर अडवतात आणि विमा कंपनी हात वर करते. गाडीच्या पुस्तकात ओढायचं वजन दिलंय का बघा, आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत दिलेलंच नसतं, काहींत ओढू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. सेल्समन ‘बिनधास्त’ म्हणतो, त्याला म्हणावं लिहून दे.

आणि फोर बाय फोर हवी असेल तर तुमचा अर्धा प्रश्न महिंद्रानेच सोडवलाय: स्कॉर्पिओ-एन आणि थार रॉक्स दोन्हीत फोर बाय फोर फक्त डिझेलला. पेट्रोलमध्ये हवी तर तीन दरवाज्यांची थार. पाच माणसं आणि ट्रेलर असेल तर चिपळूणकरांचा पर्याय बसत नाही.

श्रीवर्धन

मी डिझेल-पेट्रोल दोन्ही चालवून सांगते, मॅन्युअल की ऑटोमॅटिक हा प्रश्न मोठा. वेश्वी-बागमांडला फेरीबोटीला गर्दीत ट्रेलरसकट गाडी रिव्हर्स घ्यायला लावली, मॅन्युअल डिझेल, ओला रॅम्प, मागून दोन पोरं वेगवेगळ्या दिशा दाखवतायत आणि क्लचचा वास थेट केबिनमध्ये. ऑटोमॅटिक आल्यापासून नुसता ब्रेक सैल सोडते, गाडी इंचाइंचाने जाते. आणि किनाऱ्यावर वाळूत गाडी घालायचा विचार असेल तर तो सोडा, हल्ली पोलीस गुन्हे दाखल करतात, कुठलंही इंजिन असो.

मालवण, परत मीच

ट्रेलरच्या बेअरिंगचं राहिलं. लांबून आल्या आल्या गरम चाकं खाऱ्या पाण्यात घालू नका, हब एकदम गार होतो आणि सीलमधून पाणी आत ओढतो, दोन महिन्यांत बेअरिंग गंजून आवाज. अर्धा तास चहा घ्या, मग बोट सोडा. कॅम्पर पाण्यात जाणार नाही, पण भरतीला किनारपट्टीच्या रस्त्यावर येतं ते पाणीही खारंच असतं, घरी आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुवा.

दापोली

सगळ्यांना धन्यवाद, बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला, त्यांनी फक्त देवगडचा भाग परत वाचायला लावला. आम्ही पाच माणसं आहोत, फोर बाय फोर हवी आहे, त्यामुळे सावंतवाडीकरांच्या हिशोबाने डिझेल ऑटोमॅटिककडे झुकलोय. डीपीएफसाठी आठवड्यातून एकदा खेडला कामाला जातोच, तो रस्ता उपयोगी पडेल. ओव्हरराइड ब्रेकची ऑर्डर दिली, फॅब्रिकेटर तोंड वाकडं करत हो म्हणाला. शनिवारी ट्रेलर पाणी, सिलिंडर, भांडी सगळं भरून वजनकाट्यावर नेतोय, आकडा आला की इथे टाकतो. तोवर कोणी टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिकने ट्रेलर घेऊन आंबोली उतरलं असेल तर लिहा, बायकोचा पक्ष अजून मागे हटलेला नाही.