अंबॅसिडर १४८९ सीसी: उन्हाळ्यात मॅनिफोल्डच्या उष्णतेपासून कार्बोरेटर, पेट्रोल लाइन आणि वायरिंग कसं वाचवायचं?

बुलडीची_अ‍ॅम्बी
गाडी अंबॅसिडर, १४८९ सीसी पेट्रोल, सोलेक्स कार्बोरेटर, मेकॅनिकल पंप. सकाळी एकदम मस्त चालते. दुपारी नागपुरात वर्धा रोडवरून येऊन व्हरायटी चौकात सिग्नलला अडकली की आयडलिंग डगमगतं. बंद करून पंधरा मिनिटांनी स्टार्ट मारला तर घेतच नाही, तासाभराने आपोआप घेते. रेडिएटर साफ आहे, टेंपरेचरचा काटा मध्यावर. एका प्लग वायरचं टोक करपलंय. मिस्त्री म्हणतो पूर्ण मॅनिफोल्डला ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळू. करावं का?

टॅपेट_०१५
दोरी अजिबात नको. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात गेले की कॅन्सरपर्यंत मजल जाते, आणि बाजारात मिळते म्हणून ती सुरक्षित होत नाही.

या इंजिनात इनलेट (हवा-पेट्रोल आत नेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर काढणारा) हे दोन्ही मॅनिफोल्ड, म्हणजे ओतीव पाइपजोड, एकाच बाजूला, आणि कार्बोरेटर थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या डोक्यावर. लोडवर मॅनिफोल्ड ४०० अंशांच्या वर सहज जातो. पेट्रोलचे हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतात, आणि नागपुरात मे महिन्यात बाहेरची हवाच ४५. त्यात आता पेट्रोल ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळतं, पण पेट्रोलमध्ये मिसळलं की मिश्रणाचा बराच भाग त्याच्याही आधी वाफ होतो. गाडी बंद केली की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, पण लोखंडातली उष्णता वरच चढत राहते. म्हणून त्रास चालताना कमी आणि बंद केल्यावर दहा-वीस मिनिटांनी जास्त. काटा पाण्याचं तापमान दाखवतो, कार्बोरेटरचं नाही. त्याच्यावर जाऊ नका.

खर्च करण्याआधी नेमका आजार ओळखा. गाडी घेत नसेल तेव्हा एअर फिल्टर काढा आणि बॅटरीवर चालणाऱ्या टॉर्चने कार्बोरेटरच्या घशात बघा. इग्निशन बंद, बिडी-काडी लांब.

आत पेट्रोल टपकतंय, वास उग्र, प्लग ओले काळे: फ्लोट चेंबरमधलं (कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतलं) पेट्रोल उकळून इनलेटमध्ये सांडतंय, म्हणजे ओव्हरफ्लो. अशा वेळी चोक न ओढता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पंप करू नका, प्रत्येक दाबाला आणखी पेट्रोल आत जातं.

ॲक्सिलरेटर हलवल्यावर जेटमधून धारच येत नाही: चेंबर रिकामं, लाइनमध्ये किंवा पंपात वाफ अडकली आहे. ओला फडका पंपावर ठेवतात तो याच्यासाठी. चालतो, पण त्याचं पाणी तापलेल्या ओतीव मॅनिफोल्डवर पडलं तर तडा जाऊ शकतो.

पेट्रोल ठीक आणि स्पार्कच नाही: कॉइल किंवा कंडेन्सर. गरम झाल्यावर मरतो आणि थंड झाल्यावर जिवंत होतो, हा कंडेन्सरचा जुना खेळ आहे.

दुसरं, मॅनिफोल्ड गरजेपेक्षा जास्त तर तापत नाही ना? टायमिंग मागे असेल, म्हणजे स्पार्क उशिरा पडत असेल, तर जळण उशिरा संपतं आणि उष्णता सिलिंडरऐवजी एक्झॉस्टमध्ये जाते. टायमिंग लाइट लावून मॅन्युअलप्रमाणे तपासा. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम पाइपला तोंड लावून ओढा. ओढ टिकली नाही तर डायफ्राम फाटलाय. प्लग पांढरेफटक असतील तर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे, ते आधी सुधारा. सायलेन्सर आतून चोंदला असेल तरी हेच होतं. मॅनिफोल्ड पॅकिंग गळतंय का ते इंजिन थंड असताना, सुरू केल्या केल्या ऐका. फसफस येते आणि सांध्यावर काजळीचा पट्टा दिसतो. तुमची वायर करपली ती बहुधा अशाच गळतीच्या झोतात. इनलेट-एक्झॉस्टच्या फ्लँज (इंजिनला आवळायच्या कडा) एकाच वॉशरखाली दाबल्या जातात. एक फ्लँज जाड आणि दुसरी बारीक असेल तर बारीक बाजू कधीच नीट बसत नाही. मग नवं पॅकिंग टाकूनही फायदा नाही, दोन्ही फ्लँज एकदम फेस करून (मशीनवर सपाट करून) घ्याव्या लागतात.

पत्रा_आणि_रिव्हेट
वरचं सगळं झाल्यावर खरं काम म्हणजे कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधला रस्ता तोडणं. उष्णता नट-बोल्टमधून चढते आणि नुसत्या किरणांनीही येते, त्यामुळे उपायही दोन.

पहिला, हायलमचे (बेकेलाइटच्या जातीच्या उष्णतारोधक शीटचे) स्पेसर. ६ मिमीचे दोन तुकडे, कार्बोरेटरच्या पॅकिंगवर आखून कापा. मधलं भोक मॅनिफोल्डच्या भोकाएवढंच आणि आतून गुळगुळीत. पायरी राहिली तर तिथे पेट्रोल साचतं.

दुसरा, दोन्ही हायलमच्या मधे पत्र्याची ढाल. म्हणजे खालून वर: पॅकिंग, हायलम, पॅकिंग, ढाल, पॅकिंग, हायलम, पॅकिंग, कार्बोरेटर. ढाल थेट मॅनिफोल्डला टेकली तर ती तवाच होते. पत्रा १ मिमी स्टेनलेस ३०४. इतवारीत लोहा ओळीत तुकडा मिळेल. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा नको, जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि त्याच्या आधीच पोपडे सुरू. ॲल्युमिनियम चालतं, पण मॅनिफोल्डपासून किमान ४०-५० मिमी अंतर असेल तर. स्टेनलेसला २० मिमी हवा पुरे. ढाल फ्लोट चेंबरच्या बाहेर चारी बाजूंनी ४० मिमी जाऊ द्या आणि कडा वरच्या बाजूला १० मिमी वळवा. गळालेलं पेट्रोल मॅनिफोल्डवर पडायच्या ऐवजी ताटात थांबेल. एका कोपऱ्यात छोटी नळी झाळून ती एक्झॉस्टपासून लांब खाली सोडा.

आतले कोपरे काटकोनात कापू नका, गोल ठेवा. ढाली फाटतात त्या कोपऱ्यातून आणि बोल्टच्या भोकापासून, कारण पत्रा थरथरतो. फक्त कार्बोरेटरच्या स्टडवर लटकवू नका, लांबच्या टोकाला एक आधार द्या आणि त्याचं भोक लंबगोल ठेवा म्हणजे तापून पसरायला जागा राहील.

स्टड मूळपेक्षा १२ मिमी अधिक ढाल आणि पॅकिंगच्या जाडीइतके जास्त लांब लागतील. आट्या जुन्या इंची यूएनएफ आहेत, मेट्रिक ठोकून बसवू नका. नट आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळा. जास्त आवळलं तर कार्बोरेटरची फ्लँज वाकते आणि हवा ओढायला लागते.

हिंगणा_रोड_४७
इतकं कशाला? टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावा, पंपाचा प्रश्न मिटला.

टॅपेट_०१५
वाफ लाइनमध्ये अडकत असेल तरच मिटेल. चेंबरमधलं पेट्रोल उकळत असेल तर पंप आणखी ढकलेल आणि ओव्हरफ्लो वाढेल. लावायचाच तर ३ पीएसआयच्या आत ठेवा. जास्त दाबाला सोलेक्सची निडल (पेट्रोल आत यायचं थांबवणारी सुई) उघडी राहते. ऑइल प्रेशर स्विचमधून रिले द्या, म्हणजे अपघातात इंजिन थांबलं की पंपही थांबेल. स्विचशिवाय पंप लावणं मला पटत नाही.

त्यापेक्षा रिटर्न लाइन बरी. कार्बोरेटरच्या अलीकडे टी बसवा, त्याच्या एका तोंडात १ ते १.५ मिमी भोकाचा जेट, तिथून टाकीपर्यंत ६ मिमी पाइप. पेट्रोल फिरतं राहतं आणि वाफ मागे निघून जाते. जेटशिवाय सोडलं तर सगळं पेट्रोल टाकीत परत जाईल आणि कार्बोरेटर उपाशी राहील.

रबरी पाइप एसएई जे३०आर९ या पेट्रोल-पाइपच्या दर्जाचाच घ्या. पारदर्शक प्लास्टिकची नळी गॅरेजवाले सर्रास लावतात. ती गरम झाली की मऊ पडून क्लिपमधून सरकते, आणि इथेनॉलने कडक होऊन तडकते ते वेगळंच. प्लास्टिक फिल्टर मॅनिफोल्डच्या वर असेल तर आजच हलवा.

बुलडीची_अ‍ॅम्बी
काल टॉर्चने बघितलं. आत टपकतंय, प्लग काळे. टायमिंगही मागेच निघालं. आता हायलम-ढाल करतो. डाऊन पाइपला (मॅनिफोल्डपासून खाली जाणाऱ्या एक्झॉस्ट पाइपला) ते फायबरग्लासचं कापड गुंडाळू का?

पत्रा_आणि_रिव्हेट
ओतीव मॅनिफोल्डला नको. उष्णता आतच कोंडते, असमान तापून चिरतो. डाऊन पाइपचा पहिला दीड-दोन फूट चालेल, तोही पाइप चांगला जाड आणि न गंजलेला असेल तर. ५० मिमी रुंद पट्टी पाण्यात भिजवा, खालून वर गुंडाळत चला म्हणजे पावसाचं पाणी शिवणीत शिरणार नाही. पाव रुंदी एकावर एक येऊ द्या आणि दोन्ही टोकांना स्टेनलेसच्या टाय. पहिल्यांदा धूर येतो, उघड्यावरच सुरू करा. हातमोजे आणि मास्क घाला. टॅपेट कव्हर गळत असेल तर आधी तेच बंद करा. तेल पिलेली पट्टी पेट घेते. पावसाळ्यात पट्टी ओली राहून पाइप आतल्या आत सडतो, म्हणून दिवाळीच्या सुमारास एकदा सोडून बघा.

वायरमन_सदर
प्लग वायर बदला, फायबरग्लास स्लीव्ह घाला, आणि वायर मॅनिफोल्डपासून ५० मिमी तरी लांब राहील अशा क्लिपा लावा. कॉइल एक्झॉस्टच्या बाजूला असेल तर बॉडीवर दुसरीकडे हलवा. ब्रेकचा एखादा पाइप एक्झॉस्टजवळून जात असेल तर मधे पत्रा टाका आणि ब्रेकचं तेल बदला. डॉट ३ नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १४० ला.

आणि इन्फ्रारेड गनने मोजणार असाल तर चकचकीत पत्र्यावरचा आकडा खोटा येतो, खूप कमी दाखवते. उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका लावून त्यावर मोजा. फ्लोट चेंबरवर काळी टेप पुरते. गाडी बंद केल्या केल्या एकदा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा, ढाल लावण्याआधी आणि नंतरही.

बुलडीची_अ‍ॅम्बी
१२ मिमी वर गेल्यावर एअर फिल्टर बॉनेटला लागेल का?

पत्रा_आणि_रिव्हेट
फिल्टरवर मातीचा गोळा ठेवा, बॉनेट हळू बंद करा, उघडून दबलेली जाडी मोजा. १५ मिमीपेक्षा कमी असेल तर एकच हायलम ६ मिमीचं, कारण रेस मारताना इंजिन हलतं. तेव्हा ढाल हायलमच्या वर घ्या, खाली नाही. ॲक्सिलरेटरचा रॉडही तेवढाच लांब करा आणि पाय सोडल्यावर थ्रॉटल पूर्ण मिटतो का ते इंजिन बंद असतानाच बघा.