मिलोंगासाठी (टँगो नाचाची संध्याकाळ) हॉल सुचवा (पुणे, ४० जण, बजेट ६०००)

पायपीट: कोथरूड-कर्वेनगर भाग, महिन्यातून एक रविवार, संध्याकाळी ६ ते १०. वीस जोड्या. ६००० च्या वर जमणार नाही. हॉल घेताना काय काय बघावं?

मिरचीभजी: आधी फरशी. नाचाचे बूट घालून एका पायावर अर्धी गिरकी घ्या. पाय अडकला तर गुडघा पिळवटणार, सटकला तर तोल जाणार. बॅडमिंटनची रबरी मॅट असेल तर तिथूनच परत फिरा.

एकतारी: लाकडीच हवी, तीही खाली पोकळी असलेली. काँक्रीटवर चिकटवलेलं लॅमिनेट दिसायला लाकूड, पोटऱ्यांना सिमेंटच. १५ हजारांत उत्तम स्टुडिओ मिळेल.

पायपीट: बजेट ६००० आहे हो.

एकतारी: दर्जाला पैसे पडतातच.

जुना_रेडिओ: ब्यूनस आयर्सच्या सुंदरलँड क्लबात बास्केटबॉलच्या कोर्टावर मिलोंगा रंगतो, फरशीचं काय घेऊन बसलात! आवाज बघा. टँगोची १९३५ ते ५५ ची मोनो रेकॉर्डिंगं रिकाम्या हॉलात घुमली की बांदोनेऑनचा (टँगोतलं भात्याचं वाद्य) नुसता कल्ला. मधोमध उभं राहून टाळी वाजवा. आवाज रेंगाळला तर जाड पडदे लागतील. स्पीकर डोक्याच्या वर, बास कमी.

मिरचीभजी: तिथेच सालोन कॅनिंग या हॉलला लाकडी पट्ट्यांची पार्के फरशी आहे, ते सोयीस्कर विसरलात.

खांबवाला: हिशेब घ्या. जोडीला अडीच चौ. मी., म्हणजे वीस जोड्यांना ५० चौ. मी., साधारण ५४० चौ. फूट, खुर्च्या सोडून. बोळासारखा हॉल नको. रोंदा, म्हणजे नाचणाऱ्या जोड्यांचा फेरा, घड्याळाच्या उलट फिरतो, अरुंद टोकाला जोड्या तुंबतात. मधोमध खांब असला तर उलट बरं, त्याच्याभोवती फेरा नीट धरला जातो. कडेचा खांब वाईट.

शमा७: दिवे कोणीच काढले नाहीत! कबेसेओ, म्हणजे नाचायचं आमंत्रण नि होकार, नजरेनं होतो. समोरच्या भिंतीपाशी बसलेल्याचा चेहरा दिसला पाहिजे. ‘माहोल’ म्हणून अंधार केला की नजर कुठली नि होकार कुठला. खुर्च्या भिंतीकडेनं, तोंडं आत, आणि पूर्ण ४०. कोर्तिना (नाचांच्या फेऱ्यांमधली छोटी धून) लागली की सगळे एकदम बसायला जातात.

गोडबोल्या: +१, आधी फरशी. टाल्कम टाकू नका, एकाची सोय नि बाकीच्यांची घसरगुंडी. आणि खायला वडे नकोत. तेलकट बोटं जोडीदाराच्या पाठीवर उमटतात.

एकतारी: वडे नाहीत तर माणसं येतील कशाला?

गोडबोल्या: काटे-चमचे ठेवा मग.

शमा७: दहाच्या आत आवाज बंद, म्हणून कुंपारसिता (मिलोंगाचं शेवटचं गाणं) ९:५० ला.

पायपीट: सर्वांचे आभार. सोसायटीचं क्लबहाऊस ठरवलं, ४५००. पॉलिश केलेला कोटा, ७०० चौ. फूट, दोन खांब कडेला. त्यांना लागून खुर्च्या मांडून रोंदा आत घेतो. पंखे आवाज करत नाहीत, खुर्च्या भाड्यातच.

एकतारी: मग विचारलंत कशाला?

खांबवाला: खुर्च्या आत आल्या म्हणजे ७०० चे ५०० उरतील. पुन्हा मोजा.

मिरचीभजी: आदल्या दिवशी फिनेल मारू देऊ नका, कोटा चिकट होतो. साधं पाणी, मग कोरडं फडकं.