जुन्या मिशन मंदिराची दुरुस्ती लोकवर्गणीतून करायची आहे. सुरुवात कुठून करावी?

पंचायत_सचिव

सर्वांना सलाम. नेवासे तालुक्यातील आमच्या गावात अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या काळातील काळ्या दगडाचे उपासना मंदिर, म्हणजेच चर्च, आहे. मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरचे ठाणे सुरू झाले आणि त्यानंतर आमच्या भागातील खेड्यांत शाळा व मंडळ्या (ख्रिस्ती उपासकांचे स्थानिक समुदाय) उभ्या राहिल्या. आमची मंडळी त्यांपैकीच एक आहे. भिंती चुन्यात बांधलेल्या असून वर छप्पर तोलणाऱ्या सागवानी कैच्या (त्रिकोणी सांगाडे) आणि मंगलोरी कौले आहेत.

गेले काही पावसाळे व्यासपीठाच्या बाजूला पाणी गळत आहे. तिथल्या एका कैचीचे भिंतीत बसलेले टोक इतके कुजले आहे की अंगठ्याने दाबले तरी लाकडाचा भुसा हातात येतो. मंडळीच्या पूर्वीच्या एका पंचायतीने (कारभार पाहणाऱ्या समितीने) ओल थांबावी म्हणून आतून खांद्याच्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. आता ओल त्या गिलाव्याच्या वर चढली असून तिथे पांढरे क्षार फुलतात आणि झाडू लागला तरी पापुद्रे गळून पडतात.

मंडळीत दोन मते आहेत. एका गटाला हे मंदिर पाडून त्या जागी स्लॅबचे नवे सभागृह हवे आहे. त्यांनी आणलेले कंत्राटदाराचे अंदाजपत्रक दुरुस्तीच्या तोंडी अंदाजापेक्षा कमी आहे. दुसऱ्या गटाला, ज्यात मीही आहे, जुनी वास्तू राखायची आहे. गावातील आमची कुटुंबे बहुतांशी शेती आणि शिक्षकी पेशातील आहेत. पुणे, पिंपरी व मुंबईत स्थायिक झालेले बरेच जण आहेत, काही परदेशी आहेत. शिवाय मिशनच्या शाळेत शिकलेले गावातील हिंदू आणि मुस्लिम बांधवही मदत करू इच्छितात. वर्गणी कशी उभी करावी, परदेशातील पैसे घेता येतील का, आमदार-खासदार निधी मिळू शकतो का आणि सर्वांत आधी कोणते काम हाती घ्यावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

चुना_आणि_दगड

सचिव महोदय, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम मी व्यवसाय म्हणून करतो, त्यामुळे आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. येत्या पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घ्या, फुटकी बदला, आढ्यावरच्या कौलांचे सांधे चुन्यात पुन्हा भरा आणि पन्हळ साफ करा. कुजलेल्या कैचीला खालून लाकडी टेकू द्या. हे काम मंडळीच्या नेहमीच्या दानार्पणातून होण्याइतके असते आणि त्यासाठी कोणत्याही मोहिमेची वाट पाहू नये. छप्पर गळत असताना भिंतीवर खर्च केलेला प्रत्येक रुपया वाया जातो.

भिंतीतील ओलीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पुढचा बराचसा खर्च इथेच वाचणार किंवा वाढणार आहे. चुन्यात बांधलेली दगडी भिंत जमिनीतून थोडे पाणी ओढून घेते आणि ते चुन्याच्या सांध्यांतून वाफ होऊन निघून जाते. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ही वाट बंद होते, पाणी गिलाव्यामागे वर चढत जाते आणि जिथे गिलावा संपतो तिथे बाहेर पडते. पाण्यासोबत आलेले क्षार तिथे सुकून त्यांचे स्फटिक होतात आणि ते पृष्ठभाग फोडतात. आपण वर्णन केलेले पांढरे फूल तेच आहे. तो सिमेंटचा थर छिन्नीने हळूहळू उतरवून भिंतीला निदान एक पूर्ण उन्हाळा उघडे ठेवावे लागेल आणि त्यानंतरच चुन्याचा गिलावा करता येईल. चुना व्यवस्थित विरवलेला, पुरेसा मुरवलेला आणि वाळूबरोबर चुना दळण्याच्या घाण्यात किंवा निदान चक्कीत मळलेला असावा. पिशवीतला चुना आणून त्यात मूठभर सिमेंट टाकणारे गवंडी पुष्कळ भेटतील. त्यांना नम्रपणे परत पाठवावे.

एका टोकाला कुजली म्हणून संपूर्ण कैची बदलण्याचे सहसा कारण नसते. कुजका भाग कापून तिथे जुन्याच सागवानाचा तुकडा सांध्याने जोडता येतो. मात्र भिंतीतील कोनाड्यात लाकडाभोवती हवा खेळती राहिली पाहिजे, नाहीतर नवा तुकडाही त्याच वाटेने जाईल. मंगलोरी कौलांविषयी जाता जाता सांगतो की, ती बनवण्याचा कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला सुरू केला होता, तेव्हा आपल्या छपराचाही मिशनशी जुना संबंध आहे. शक्य तितकी जुनी कौले राखून ठेवा आणि नवी घ्यावी लागल्यास त्यांची खाच जुन्यांशी जुळते का, हे खरेदीपूर्वी पाहा.

स्लॅबच्या अंदाजपत्रकाबाबत एक सूचना आहे. त्यात पाडकाम, राडारोडा उचलणे आणि नवा पाया धरला आहे का, आणि जुने सागवान व घडीव दगड कोणाचे होणार, हे बारकाईने वाचा. ‘पाडकामातून निघणारे साहित्य कंत्राटदाराचे’ अशी एक ओळ अनेकदा शेवटी असते. जुन्या सागवानाचा आजचा भाव लक्षात घेतला, तर अंदाजपत्रक एवढे कमी का दिसते, हे त्या ओळीवरून कळते. वर्गणीचे पहिले पैसे अनुभवी वास्तुविशारदाकडून वास्तूची पाहणी, मोजणी-नकाशे आणि टप्प्यांचे अंदाजपत्रक करून घेण्यासाठी खर्च करा. इंटॅक ही संस्था १९८४ पासून वारसा-जतनाचे काम करते. तिच्या माध्यमातून योग्य माणसाचे नाव मिळू शकते.

धर्मादाय_कज्जे

पावतीपुस्तक छापण्यापूर्वी इमारत आणि जमीन कोणाच्या नावावर आहे, हे तपासा. मिशनच्या मंडळ्या १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत गेल्या आणि १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. या प्रवासात उपासना करणारी मंडळी एक आणि मालमत्ता सांभाळणारा ट्रस्ट दुसरा, अशी स्थिती अनेक ठिकाणी निर्माण झाली व कोर्टकज्जेही झाले. सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि धर्मादाय कार्यालयातील नोंदवहीचा उतारा, हे दोन्ही कागद काढून समोरासमोर ठेवा. मालमत्ता दुसऱ्या ट्रस्टच्या नावावर असल्यास दुरुस्तीसाठी त्याची लेखी संमती घ्या. पाडण्याचा आग्रह धरणाऱ्या गटालाही हे कागद दाखवा. आपल्या नावावर नसलेली इमारत पाडण्याचा ठराव पंचायतीला करता येत नाही, आणि बरेच वाद इथेच शांत होतात.

वर्गणी शक्यतो नोंदणीकृत ट्रस्टच्या नावानेच घ्यावी. तात्पुरती समिती नेमून गावोगाव पैसे गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाकडे जावे लागते. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. दुरुस्तीसाठी बँकेत स्वतंत्र खाते उघडा आणि पाळकांच्या वेतनाचे किंवा सणांचे पैसे त्यात मुळीच मिसळू नका.

परदेशातील देणग्यांबाबत पासपोर्ट पाहावा लागतो. अमेरिकेत राहणारा पण भारतीय नागरिक असलेला माणूस आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. त्याच्याच भावाने अमेरिकन नागरिकत्व घेतले असेल, तर त्याचे शंभर डॉलरही विदेशी देणगी ठरतात आणि ती घेण्यासाठी २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा त्या विशिष्ट देणगीपुरती पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावे लागतात. नात्यातील कोणाच्या वैयक्तिक खात्यावर रक्कम मागवून ती पुढे मंडळीला देण्याचा सल्ला हमखास मिळेल. तो ऐकू नये.

आमदार-खासदार निधीच्या मागे वेळ घालवू नका. खासदार निधीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार धार्मिक स्थळांवरील कामे निषिद्ध आहेत. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी मात्र कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारतींच्या जीर्णोद्धाराचा उल्लेख आहे. पण तो निधी घेणारी संस्था त्यासाठी नोंदणी झालेली असावी लागते, म्हणून वारसा-जतन करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेला सोबत घ्यावे लागेल. प्राप्तिकरात ८०जी या नावाने ओळखली जाणारी सवलत केवळ धार्मिक ट्रस्टच्या देणगीदारांना सहसा मिळत नाही. चर्चच्या दुरुस्तीसाठी ती मिळायची असल्यास त्या चर्चबाबत केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढलेली असावी लागते. तेव्हा आवाहनपत्रात ‘करसवलत मिळेल’ असे वाक्य घालू नका.

सोनोरा_वाळवंट

मी मूळचा सोलापूरचा असून अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील टुसान शहराजवळ राहतो. इथे सान हावियेर देल बाक हे मिशन चर्च आहे. जेझुइट या कॅथलिक संघाच्या किनो नावाच्या पाद्र्याने १६९२ मध्ये हे मिशन स्थापन केले आणि सध्याची इमारत फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांच्या काळात १७८३ ते १७९७ या वर्षांत उभी राहिली. ते टोहोनो ओओधाम या आदिवासी समाजाच्या राखीव भूमीत असून त्या लोकांचे ते आजही चालते-बोलते उपासना मंदिर आहे. आपली वास्तू त्यामानाने लहान असली, तरी दोन बाबतींत तिथला अनुभव उपयोगी पडावा.

पहिली बाब चुना आणि सिमेंटची, जिच्याविषयी वर लिहिले गेले आहेच. या चर्चच्या भाजक्या विटांच्या भिंतींवरही विसाव्या शतकात सिमेंटचे लेप दिले गेले, ओल आत कोंडली आणि आतील रंगीत भित्तिचित्रे व मूर्ती खराब होऊ लागल्या. पुढे सिमेंट उतरवून चुन्याचा गिलावा करण्यात आला आणि त्या चुन्यात फड्या निवडुंगाचा रस मिसळण्यात आला; त्याने गिलावा चिवट होतो आणि पाणीही काहीसे अडते. आपल्याकडे चुन्यात गूळ, मेथी किंवा हिरड्याचे पाणी घालत, त्याच जातीची ही युक्ती आहे. १९९२ ते १९९७ या काळात आतील चित्रांच्या कामासाठी युरोपातील तज्ज्ञ आले, तेव्हा त्यांच्या हाताखाली तिथल्याच ओओधाम तरुणांना शिकवून तयार करण्यात आले. आपल्या तरुण संघातील दोघा-तिघांनी गवंड्याबरोबर चुन्याचे काम शिकून घेतले, तर पुढची देखभाल गावातच होईल.

दुसरी बाब पैशांची. इथे १९७८ मध्ये ‘पात्रोनातो सान हावियेर’ नावाची स्वतंत्र ना-नफा संस्था स्थापन झाली. तिचे काम वास्तू जतन करणे आणि त्यासाठी निधी उभारणे एवढेच आहे. धर्मोपदेश किंवा चर्चचा दैनंदिन खर्च तिच्याकडे नाही. त्यामुळे कॅथलिक नसलेले, किंवा कोणताच धर्म न मानणारे टुसानवासीही तिला नि:संकोच देणगी देतात. ख्रिसमसच्या सुमारास चर्चमध्येच गायनाचे कार्यक्रम होतात आणि त्यांच्या तिकिटांचे पैसे जतनाला जातात. सगळे काम एकदम झालेले नाही: आधी आतील चित्रे, मग पश्चिमेचा मनोरा, पुढे पूर्वेचा, असे दशकानुदशके ते चालले आहे. गावातील हिंदू-मुस्लिम बांधवांची मदत आपणास मिळणार असेल, तर दुरुस्तीपुरती वेगळी समिती आणि तीत त्यांचाही सदस्य, ही व्यवस्था मला योग्य वाटते.

श्रमदानाचेही एक उदाहरण देतो. शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात रांचोस दे ताओस येथे मातीच्या कच्च्या विटांचे जुने चर्च आहे. १९६७ मध्ये त्यावर टिकाऊ म्हणून सिमेंटचा गिलावा केला, आत पाणी साचून भिंती खचू लागल्या, आणि शेवटी तो काढून गावकरी पूर्वीसारखे दरवर्षी एकत्र येऊन माती-गवताने भिंती लिंपू लागले.

प्रवरासंगम

आमच्या मंडळीत छपराचे काम झाले, तेव्हा सर्वांत जास्त रक्कम हंगामाच्या उपकारस्तुतीनंतरच्या (पीक हाती आल्यावर देवाचे आभार मानण्याच्या उपासनेनंतरच्या) लिलावातून मिळाली होती. बाजरीचे पोते, गावरान कोंबडी, भोपळा, कोणी घरी केलेली लोणच्याची बरणी, असे सगळे व्यासपीठापुढे मांडले जाते आणि पुण्याहून आलेले लोक तोच भोपळा एकमेकांवर बोली चढवून घेतात. एरवी हे पैसे वार्षिक खर्चात मिसळतात. त्या वर्षी ‘सगळा लिलाव छपरासाठी’ असे आधीच जाहीर केले होते. आपल्या नगर भागात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून आहे, तेव्हा मंदिराच्या पटांगणात एखादे कीर्तन ठेवल्यास गावातील सर्व समाजाचे लोक येऊन बसतील. शहरातील मंडळ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी ‘ज्ञानोदय’कडेही निवेदन पाठवावे, १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालेल्या या नियतकालिकाचा वाचक आपल्या भागातील नाव ओळखतो.

एका बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. देणगीच्या रकमेनुसार लहान-मोठ्या अक्षरांत नावे कोरलेली संगमरवरी फरशी भिंतीत बसवू नये. आमच्याकडे त्या फरशीवरून झालेला रुसवा छप्पर पूर्ण झाल्यावरही मिटला नाही. देणगीदारांची नावे वहीत लिहावीत, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमा-खर्चाचा कागद दाराशी लावावा.

पंचायत_सचिव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्लॅबचे अंदाजपत्रक पुन्हा वाचले. जुने साहित्य कंत्राटदाराचे, अशी ओळ त्यात खरोखरच शेवटच्या पानावर आहे. ती रविवारी उपासनेनंतर सर्वांसमोर वाचून दाखवल्यावर पाडण्याच्या बाजूच्या काही ज्येष्ठांनीच आधी लाकडाची किंमत करून घ्यावी, असे सुचवले. नोंदवहीच्या उताऱ्यासाठी अर्ज दिला आहे. मालकीचा कागद हाती येईपर्यंत बाहेर वर्गणी मागायची नाही, मात्र कौले चाळणे आणि टेकू देणे हे दानार्पणातून ताबडतोब करायचे, असा ठराव झाला. परदेशातील नातेवाइकांना सध्या फक्त नागरिकत्वाविषयी विचारणारे पत्र पाठवत आहोत. दुरुस्ती समितीत मिशन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी दोघांना घेण्याचे ठरले असून त्यांतील एक गावातील मशिदीचे विश्वस्त आहेत. त्यांच्याकडे मशिदीच्या कामात घोटलेल्या चुन्याचा अनुभव असलेला गवंडी होता, पण तो आता वयोमानाने काम करत नाही.

म्हणून आता एवढेच विचारतो: श्रीरामपूर, नेवासे किंवा पैठण परिसरात चुन्याचे काम जाणणारा आणि कैचीला सांधा देऊ शकणारा सुतार-गवंडी कोणाच्या माहितीत आहे का? असल्यास त्याचे नाव इथे न लिहिता मला व्यक्तिगत निरोपातून कळवावे. पाऊस सुरू होण्याआधी त्याला निदान एकदा जागेवर आणून ती कैची दाखवायची आहे.