पाच वर्षं जुन्या टाकीची माती उपसावी का? माझं मत: उपसू नये

दर्यापूरचा कास्तकार
आमच्या ओसरीत 4 फुटी माशांची काचेची टाकी आहे, पाणी 200 लिटरच्या आसपास. 5 वर्षांपूर्वी तळाला वावरातली काळी माती चाळून घातली, वरून 2 इंच रेती. क्रिप्ट आणि व्हॅलिसनेरिया ही पाण्याखालची झाडं अशी माजलीत की मागची भिंत दिसत नाही. पण आता काचेतून रेतीखाली काळे पट्टे दिसतात, काडी खुपसली की बुडबुडे येतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. परवा भाचा आला होता. तोही टाक्या ठेवतो. म्हणाला, "मामा, सगळं काढा, विकतची ॲक्वासॉइल टाका." म्हणजे टाकीतल्या झाडांसाठी मिळते ती गोळ्यांची माती. आठ दिवस डोक्यात तेच चालू होतं. शेवटी माझं मत पक्कं झालं: नाही काढायची.

कारण सांगतो. माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजात असतात, तसे रेतीच्या कणाकणावरही असतात. रेती फेकली की ते गेलेच. दुसरं म्हणजे काळी माती. हिची चिकण अमोनियम धरून ठेवते. म्हणून तर वावरात टाकलेल्या युरियाचा अमोनियम झाला की तो पाण्याबरोबर सगळा वाहून जात नाही. तीच माती टाकीत ढवळली की 5 वर्षांचा साठा पाण्यात उतरतो. आणि आमचा आहे खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारं. माझ्या बोअरच्या पाण्याचा पीएच 8 च्या वर. पाणी 25 अंशांवर असताना पीएच 7 असेल, तर अमोनियाचा विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या जवळपास असतो. पीएच 8 ला तोच 5 टक्क्यांवर जातो. दहापट!

वासाचं म्हणाल तर तो हायड्रोजन सल्फाइड वायू, वरच्या हवेशीर पाण्यात आला की लवकर निकामी होतो, शिवाय मुळं खाली ऑक्सिजन सोडतात. झाडं कमजोर वाटली तर मुळाशी रूट टॅब, म्हणजे खताची गोळी, खुपसा. माती राहू द्या.

साकोलीचे मास्तर
कास्तकार भाऊ, पटलं नाही. मी माझी 3 फुटी टाकी जानेवारीत एका रविवारी पूर्ण रिकामी केली. 3 वर्षांची ॲक्वासॉइल होती, गोळ्या फुटून नुसता चिखल झाला होता. हात घातला की पाणी गढूळ. अर्धं जुनं पाणी ड्रममध्ये काढलं, मासे त्यात सोडले, चालू फिल्टर त्याच ड्रमला लावला. झाडं ओल्या पोत्याखाली ठेवली. संध्याकाळपर्यंत नवी माती, जुनी झाडं, काम झालं. मासे मात्र 3 आठवडे ड्रममध्येच ठेवले, कारण नवी ॲक्वासॉइल सुरुवातीला स्वतःच अमोनिया सोडते. टाकीत एक दिवसाआड पाणी बदलत राहिलो, टेस्ट किटवर शून्य आलं तेव्हाच मासे परत सोडले. एकही दगावला नाही.

आमच्याकडे माजी मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातले गावतलाव. उन्हाळ्यात गाळ काढून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, टाकायची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. 2017 पासून सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनाही तेच करते. गाळ काढला म्हणून तलाव मरत नाही. न काढल्यानं उथळ होतो.

दर्यापूरचा कास्तकार
मास्तर, तलावाचा दाखला इथं लागू नाही. गाळ काढतात तेव्हा तलाव आटलेला असतो, मासे त्यात नसतात. आणि तळ शेवटच्या कणापर्यंत कोणी खरवडत नाही. मग पावसाळ्यात अख्खं नवं पाणी येतं. माझ्या टाकीला तसा पावसाळा कुठून आणू? शिवाय तुमची होती फुटलेली ॲक्वासॉइल, माझी आहे वावराची माती. ती फुटून अजून काय होणार? आणि आमच्या कडक पाण्यात ॲक्वासॉइलचा पीएच खाली धरायचा गुण लवकर संपतो, पैसे पाण्यात.

खामगावची ताई
मला दोघांनाही सांगायचं आहे की आधी महिना पाहा. मी मे महिन्यात अर्धी रेती काढली होती. बाहेर 45 अंश, कूलर समोर लावूनही टाकीचं पाणी 33. रात्री 2 वाजता लाइन गेली. पहाटे उठले तर सगळे गप्पी वर तोंड काढून हपापत होते. 14 पैकी 5 वाचले. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यात ढवळलेली घाण आणि बंद फिल्टर. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आता मी थंडीतच काढते. एका वेळी एक तृतीयांश पट्टा, मध्ये 3 आठवडे, खाद्य निम्मं.

साकोलीचे मास्तर
ताई, थंडीचं शंभर टक्के मान्य. पट्ट्यांचं नाही. पट्ट्या-पट्ट्यानं नवी माती घातली की तीन वेळा अमोनियाचा तोच मारा, आणि मासे तिन्ही वेळा त्याच पाण्यात. एकदाच काढा, मासे बाहेर ठेवून काढा.

खामगावची ताई
मी ॲक्वासॉइल नाही, धुतलेली रेती घालते. रेती अमोनिया सोडत नाही. माझ्याकडे पट्टेच चालले, हे मी पाहिलं आहे.

धानवाला, अर्जुनी मोरगाव
का जी, सगळे वरून बोलून रायले, एक झाड उपटून कोणी पाहिलं का? आमच्या बांधीत पाणी साचलेलं असते, माती खाली काळीच असते. काळी दिसली म्हणून कोणी बांधी फेकून देते का? आम्ही धानाचं रोप उपटून मूळ पाहतो. मुळावर तांबूस, गंजासारखा थर असला तर धान बरा. मूळ स्वतः ऑक्सिजन सोडते, मातीतलं लोह त्याच्याभोवती गंजते, म्हणून तो रंग. मूळ काळं पडलं, वास मारते, चिमटीत धरलं की साल सुटून येते, तर ती जागा बिघडली समजायचं.

टाकीतली झाडंबी पाण्याखालच्या चिखलातच उभी आहेत. कास्तकार भाऊ, दोन ठिकाणचे क्रिप्ट उपटा अन् सांगा. क्रिप्टची पानं आठ दिवसांत विरघळतील, घाबरू नका, मूळ शाबूत असलं तर परत फुटते.

दर्यापूरचा कास्तकार
आज दुपारी उपटले. डाव्या बाजूच्या क्रिप्टचं मूळ वीतभर, टोकं पांढरी, बाकी विटेसारखं लालसर. बोटावर चोळलं तर रंग लागला. उजव्या कोपऱ्यातलं, मोठ्या लाकडाच्या कडेचं, काळं दोऱ्यासारखं निघालं आणि हाताचा वास साबणानं दोनदा धुतल्यावर गेला. त्या लाकडाखाली 5 वर्षांत एकही झाड नव्हतं. मूळ नाही म्हणून हवा नाही, हे आता कळलं.

दिवाळीनंतर तो कोपरा नळीनं ओढून काढीन, घमेलंभर निघेल. तिथं धुतलेली रेती आणि व्हॅलिसनेरिया. बाकीची माती जागची हलणार नाही.

साकोलीचे मास्तर
मी तुमच्या जागी असतो तर सगळी काढली असती, ते मत कायम आहे. पण कोपराच काढायचा तर मासे आधी ड्रममध्ये घ्या आणि मगच लाकूड उचला. त्याच्याखालचा साठलेला वायू एका झटक्यात सुटतो.